गंजलेल्या फियाटची शुश्रूषा

बेळगावात राहून जुनी मोटार सांभाळायची म्हणजे पावसाशी कायमचे वैर पत्करायचे. इंजिन थकले तर ते उतरवून पुन्हा बांधता येते, क्लच-ब्रेकचे सुटे भाग खटपट करून मिळवता येतात. पण पत्रा कुजू लागला की जाणकार मंडळी मान हलवतात आणि 'आता भंगारात काढा' असा सल्ला देतात. गेली तीन वर्षे बहुतेक रविवारी मी घरामागच्या शेडमध्ये अशाच एका कुजलेल्या गाडीपाशी बसत आहे. त्या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे. गंजामुळे जितक्या गाड्या निकालात निघतात, त्याहून कितीतरी अधिक गाड्या गंज झाकून ठेवल्यामुळे निघतात. स्मरणिकेच्या संपादकांनी 'व्यवसायाबाहेरचे काहीतरी लिहा' अशी गळ घातली, तेव्हा हाच विषय घ्यावा असे वाटले. व्यवसाय मधूनमधून डोकावणारच, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

गाडी १९७१ सालची 'फियाट ११०० डिलाइट'. तिचे पहिले मालक पणजीचे. माझे वडील शहापुरात जनरल प्रॅक्टिस करीत. त्यांनी ती १९७९ साली घेतली आणि पुढली वीस वर्षे खानापूर तालुक्यातील खेड्यापाड्यांच्या व्हिजिटसाठी वापरली. म्हणजे तिच्या वाट्याला आधी गोव्याची खारी हवा आली आणि मग खानापूरच्या जंगलपट्टीतला पाऊस. गंजाला याहून चांगले पोषण मिळणे कठीण. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात या गाड्या तयार होत. हेच मॉडेल १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखले जाऊ लागले आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घराघरांत पोहोचले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या टॅक्सीने मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला, तेव्हा आमच्या शेडमधल्या या बाईंची दारे उतरवलेली होती.

या गाडीच्या रचनेतील एक गोष्ट समजून घेतल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. जीपसारख्या गाडीला खाली स्वतंत्र चॅसी असते आणि पत्रा वरून बसवलेला असतो. तेथे पत्रा सडला तर शोभा जाते, सांगाडा राहतो. फियाटला असा वेगळा सांगाडा नाही. फरशी, खांब, छप्पर आणि दारांखालून जाणाऱ्या दोन पोकळ पेट्या हे सारे एकमेकांना जोडून जो डबा तयार होतो, तोच तिचा सांगाडा. प्राणिशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर ती खेकड्याच्या जातीची आहे. दारांखालच्या त्या पेट्यांना आमचे मेस्त्री 'रनिंग बोर्ड' म्हणतात. त्या पेट्या आतून सडल्या, की बाहेरून कितीही चकचकीत रंग असो, अपघातात ती गाडी प्रवाशांचे रक्षण करू शकत नाही. म्हणून गंज ही केवळ सौंदर्याची बाब समजू नये. या गाडीत माझी माणसे बसणार होती, त्यामुळे तर मुळीच नाही.

तपासणीसाठी लागणारी साधने अगदी साधी आहेत: बोटांची पेरे, एक लोहचुंबक आणि एक बोथट स्क्रू-ड्रायव्हर. १७६१ साली छातीवर टकटक करून निदान करण्याची पद्धत जगापुढे मांडणारा ऑएनब्रुगर हा खानावळवाल्याचा मुलगा होता आणि पिंपात मद्य किती उरले आहे हे टिचकी मारून ओळखण्याची रीत त्याने घरीच पाहिली होती, असे आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत ऐकलेले आहे. त्याच न्यायाने मी रनिंग बोर्डवर पुढून मागे टिचक्या मारीत गेलो. पुढच्या हातभर लांबीत खणखणीत नाद आला. मधल्या भागात तो एकाएकी भद्द झाला. चुंबक लावला तर तो चिकटेना. चुंबक चिकटत नाही याचा अर्थ एकच: तेथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

ती पुट्टी छिन्नीने उडवली, तेव्हा आत वृत्तपत्राचे बोळे निघाले. एका बोळ्यावरची १९९४ सालची तारीख चक्क वाचता येत होती. पूर्वी कधीतरी एका गॅरेजमध्ये भोकात कागद कोंबून, वर बोटभर जाडीची पुट्टी भरून, रंग मारून गाडी परत दिली गेली होती. बिलावर अर्थातच 'नवीन पत्रा' असे असणार. कागद पाणी धरून ठेवतो. म्हणजे पोकळीतल्या लोखंडाला त्यांनी बारमाही ओले पोटीस बांधून दिले होते. त्यावेळी केलेल्या भोकाची दुरुस्ती फार तर वीतभर पत्र्यात झाली असती. आता तेथे हातभर लांबीचा भाग बाद झाला होता. मेस्त्रींनी आतून हात फिरवला आणि म्हणाले, "ह्यो पत्रा न्हवं डॉक्टर, पापड हाय बघा."

गंज बाहेरून आत जातो असा सर्वसाधारण समज आहे. मोटारीच्या बाबतीत बहुधा उलट घडते. दाराच्या काचेवरून ओघळलेले पाणी रबराच्या फटीतून दारात शिरते; ते खाली वाहून जावे म्हणून दाराच्या तळाला बारीक छिद्रे ठेवलेली असतात. ती धुळीने आणि पाल्याने बुजली, की दार म्हणजे पाण्याचे डबके. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की त्या थेंबाखाली एक इवलीशी विद्युत्घटमाला सुरू होते आणि पाण्यात मीठ असले की विजेचा तो प्रवाह सुलभ होतो. गोव्याच्या गाड्या लवकर का सडतात याचे उत्तर एवढेच. तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो रंगाला आतून ढकलतो आणि बाहेर फोड दिसतो. तो फोड दिसेपर्यंत आतले काम पुष्कळ पुढे गेलेले असते. त्या फोडावर पॉलिश पेपर घासून रंग लावणे म्हणजे गळवावर पावडर लावणे.

आता मी ज्या भागाकडे येतो आहे, त्याविषयी मोटारीच्या हौशी मंडळींत फार कमी बोलले जाते. आणि मी बालरोगतज्ज्ञ नसतो, तर मीही कदाचित दोन ओळींत उरकले असते. गंज काढायचा म्हणजे प्रथम जुना रंग काढायचा. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीच्या रंगात शिसे असण्याची दाट शक्यता असते. पिवळ्या आणि नारिंगी छटांसाठी लेड क्रोमेट वापरले जाई. गंजरोधक अस्तर म्हणून जो तांबूस रंग दिला जाई, त्यात पुष्कळदा शिशाचे ऑक्साइड असे. हाच आपला शेंदूर. शिवाय त्या काळातील अनेक गाड्यांच्या सांध्यांत शिसे-कथिलाचा डाग भरून ते गुळगुळीत केलेले असत. अशा पत्र्यावर ग्राइंडरची चकती फिरवली की क्षणार्धात अदृश्य धूळ अंगणभर पसरते. ती जमिनीवर बसते. आणि जमिनीवर कोण रांगते, जमिनीवरचे हात तोंडात कोण घालते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको.

पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मूल जेवढा अंश शोषून घेते, तो प्रौढाच्या चार ते पाच पट असतो. शिशाची अमुक एक पातळी निर्धोक आहे, असे आजवर दाखवता आलेले नाही. रक्तातील प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम वा अधिक आढळले, तर स्रोत शोधून तो दूर करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. लक्षणे मात्र अशी, की कोणालाही संशय येऊ नये: चिडचिड, मंदावलेली भूक, पोटदुखी, पांडुरोग, अभ्यासात मागे पडणे. लोहाची औषधे लिहून आपण मोकळे होतो. आपल्याकडे घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. पण १९७१ च्या गाडीवरचा रंग त्या नियमाची वाट पाहत थांबलेला नव्हता.

माझा दवाखाना घराच्या पुढल्या दोन खोल्यांत आहे. रोज संध्याकाळी अंगणात दहा-पंधरा पोरे खेळत असतात. कुणी इंजेक्शनच्या भीतीने गाडीच्या शेडपर्यंत पळत येते. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वीच मी एक नियम केला: पत्रा घरी कापायचा, घरी बेतायचा, घरी जोडायचा; पण रंग घरी खरवडायचा नाही. दारे, डिकीचे झाकण असे सुटणारे भाग उद्यमबागेतील एका स्नेह्यांच्या रिकाम्या शेडमध्ये नेले. शिसे ओळखणाऱ्या चाचणीपट्टीने सर्वांत खालच्या थराला स्पर्श करताच ती गुलाबी झाली, तेव्हा शंकेला जागाच उरली नाही. तेथे सारा रंग पाण्याचा वापर करून, ओला असतानाच खरवडला. खाली प्लॅस्टिकचा कागद, त्यावर साचलेला चिखल डब्यात भरून बंद. कोरडा झाडू नाही, ओले पुसणे. कामाचे कपडे तेथेच बदलायचे, घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत. डब्यावर अंथरलेल्या रनिंग बोर्डचा भाग तर उचलून नेता येत नव्हता. तेथे रंग काढणारे रासायनिक पेस्ट लावून, तो फुगल्यावर पुट्टीच्या पात्याने सोलून काढला. वेळ चौपट लागला. सौभाग्यवतींनी 'एवढ्या वेळात नवी गाडी घेऊन तिचे हप्तेही फिटले असते' असा शेरा मारला, तो मी निमूटपणे ऐकून घेतला.

घरी दुरुस्ती करणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे एवढेच, की घरात वा शेजारात सहा वर्षांखालचे मूल असेल, तर जुन्या रंगावर कोरडी चकती चालवू नये. बाकीच्या बाबतीत मतभेद चालतील, येथे नाही.

कापण्याआधीची तयारी कापण्याहून महत्त्वाची. सांगाडाच कापायचा असल्याने गाडी सपाट जमिनीवर, चारही बाजूंनी टेकू देऊन समतल बसवावी लागते. दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी अँगलपट्टी तात्पुरती जोडून चौकट बांधून घ्यावी. नाहीतर पेटी कापताच गाडी मधोमध वाकते आणि मग दार जन्मभर बसत नाही. अस्थिरोगतज्ज्ञ मित्राला हे दाखवले, तेव्हा त्याने 'एक्सटर्नल फिक्सेटर' म्हणून प्रशस्तिपत्र दिले. एका वेळी एकच बाजू उघडायची. दोन्ही पेट्या एकदम कापण्याचा उत्साह अंगाशी येतो.

मग छेद कोठवर घ्यायचा? येथे शल्यचिकित्सकांचाच नियम: निरोगी ऊतक लागेपर्यंत. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबल्यावर पत्रा दबत नाही, घासल्यावर अखंड चकाकी येते आणि त्यात काळे ठिपके उरत नाहीत, तेथून पुढे बोटभर सरकून रेघ मारायची. पातळ झालेल्या पत्र्याला नवा पत्रा जोडला, तर वेल्डिंगच्या उष्णतेने जुनी कड जळून जाते आणि भोक आणखी वाढते. ठिगळाचे कोपरे गोल ठेवावेत. काटकोनात ताण एकवटतो.

नमुना कापायला पुठ्ठा वापरतात. मला त्याहून उत्तम वस्तू सापडली: दवाखान्यात पडून असलेल्या, काळ्या होऊन बाद झालेल्या एक्स-रे फिल्म. पुठ्ठ्यासारखी ती ओलाव्याने फुगत नाही, वक्र भागावर नीट बसते आणि तिच्यातून खालची रेघ दिसते. डिजिटल एक्स-रे आल्यापासून फिल्म दुर्मिळ होत चालल्या आहेत, तेव्हा ज्यांच्याकडे कोऱ्या किंवा बाद फिल्म असतील त्यांनी त्या टाकू नयेत. त्या नमुन्यावरून २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीचा सी.आर. पत्रा कापला. पेटीच्या आतील बाजूस, जेथे भार अधिक येतो, तेथे १८ गेजचा घेतला. पत्रा वाकवायला दोन अँगलमध्ये पकडून लाकडी हातोडीने हळूहळू ठोकत गेलो. गोलाई द्यायला वाळूची पिशवी पुरते. या ठोकण्यात काही विलक्षण समाधान आहे. त्या वेळी मोबाइल वाजला तरी ऐकू येत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा गंजत नाही, मग तोच का वापरू नये, असे पुष्कळ जण विचारतात. वेल्डिंग करताना जस्त जळून पांढरा धूर निघतो आणि तो हुंगल्यावर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते, छाती भरल्यासारखी वाटते. एक-दोन दिवसांत सारे आपोआप ओसरते. आपल्या ओ.पी.डी.त असा वेल्डर आला, तर व्हायरल किंवा मलेरियाच्या तपासण्यांची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी 'काल कशावर वेल्डिंग केलेस?' हा प्रश्न विचारून पाहावा. या धुरावर दूध आणि गूळ हा उतारा असल्याची आमच्या मेस्त्रींची श्रद्धा आहे. मी दूध दिले, गूळही दिला आणि शेडच्या दोन्ही बाजूंची दारे उघडी ठेवली. माझा भरवसा दारांवर होता.

जोडकाम मेस्त्रींनीच केले. वेल्डिंग ही शिकून येणारी कला आहे, पण ती माझ्या गाडीच्या सांगाड्यावर शिकावी असे मला वाटले नाही. मी बाजूला भंगार पत्र्यावर हात बसवीत राहिलो. पूर्वी हे काम गॅसवर होई. त्याने मोठा भाग तापतो आणि पातळ पत्रा वाकडातिकडा होतो. आता सी.ओ.टू. वेल्डिंगची छोटी यंत्रे मिळतात. मेस्त्री एक टाका येथे, दुसरा वीतभर दूर, तिसरा पुन्हा मध्ये, असे करीत आणि मध्ये थांबून पत्र्याला हात लावून पाहत. सलग रेघ ओढली की पत्रा तापून लाटेसारखा उठतो. त्वचा शिवताना आपण आधी मधला टाका घेतो आणि मग उरलेले अंतर निम्मे-निम्मे करीत जातो, तीच ही रीत. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी आधीच उतरवून दूर ठेवली होती, फरशीवरचे डांबरी अस्तर खरवडून काढले होते. कारण ठिणगी वरच्या बाजूला पडते आणि आग पलीकडच्या बाजूला लागते. काम संपल्यावर तासभर कोणीतरी तेथे बसून राहायचे. डोळ्यांवर चष्मा हवाच: लोखंडाचा कण कॉर्नियावर रुतला, तर काही तासांत त्याच्याभोवती गंजाचे कडे उमटते. नेत्रतज्ज्ञांना ते ठाऊक आहे. म्हणजे गंज माणसालाही सोडत नाही.

धनुर्वाताचा उल्लेख टाळता येणार नाही, कारण दर आठवड्याला एखादी आई 'गंजका खिळा लागला' म्हणून मुलाला घेऊन येते. गंजात धनुर्वात नसतो. त्याचे बीजाणू मातीत आणि शेणखतात असतात. खिळा अंगणात पडलेला असतो, खोल रुततो, म्हणून भीती. तरीही चाळीस वर्षांच्या चिखलाने भरलेल्या गाडीखाली हात घालण्यापूर्वी मी स्वतः टीडीचा डोस घेतला. मातांच्या व नवजात शिशूंच्या धनुर्वाताचे भारतात निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. मोटार-हौशी पन्नाशीच्या पुरुषांची कोणी मोहीम घेतलेली नाही.

उरलेल्या वरवरच्या गंजासाठी फॉस्फोरिक आम्ल उत्तम. ते गंजाचे फॉस्फेट करते. बाजारात काळे पडणारे जे द्रावण मिळते त्यात टॅनिन असते, आणि हिरडा व लोखंड यांपासून काळी शाई करण्याची आपली जुनी युक्तीही तीच. ही द्रावणे पातळ थरावरच चालतात. पापुद्रे निघणाऱ्या गंजावर ओतून 'आता थांबेल' असे मानणे व्यर्थ. त्यावर एपॉक्सी प्रायमर ब्रशने लावला. शेवटचा रंग बूथमध्ये दिला जाईल, घरी नाही. दोन भागांच्या रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि दम्याच्या मुलांचा दवाखाना चालवणाऱ्याने ते अंगणात फवारणे शोभत नाही.

पेटी बंद झाल्यावर आतले उघडे लोखंड कसे वाचवायचे? पूर्वी आपल्याकडे मृगापूर्वी गाडीखाली जळके ऑइल मारीत. त्याने रबर बिघडते आणि हाताळणाऱ्याच्या त्वचेलाही ते बरे नाही. मी लॅनोलिनवर आधारलेले द्रावण लांब नळीने आत फवारले. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतील मेण. स्तनाग्रांना चिरा पडलेल्या बाळंतिणींना जे मलम आपण लिहून देतो, त्यातही तेच असते. त्यामुळे शेडमध्ये अनेक दिवस प्रसूतिगृहाचा वास येत होता. पाणी बाहेर जाण्याची छिद्रे मात्र मेणाने बुजू द्यायची नाहीत. दर वर्षी मेअखेरीस सायकलच्या स्पोकने ती मोकळी करायची, रबरी मॅट उचलून फरशी वाळवायची. एवढ्या एका कामाने जितका पत्रा वाचतो, तितका कोणत्याही महागड्या रसायनाने वाचत नाही.

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची तरतूद केली. गाडी मूळ स्वरूपात असावी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी तिची अट आहे. म्हणून मी कापलेला प्रत्येक तुकडा चिठ्ठी लावून जपून ठेवला आहे आणि प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे तारखेसह केस पेपरसारखी लावली आहेत. डाव्या बाजूचे दार आता बोटाच्या एका धक्क्याने बंद होते. उजव्या बाजूवर टिचकी मारली, तर तेथेही भद्द आवाज येतो. ती बाजू मेस्त्री दिवाळीनंतर उघडणार आहेत, आणि त्यासाठी मला अजून सात-आठ एक्स-रे फिल्म हव्या आहेत.